मुठीत सापडलेलं भूत

माझा भाचा दहा वर्षांचा असताना दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे राहायला आला होता. त्याच्या आईनं दुबईहून आणलेला निन्टेन्डो स्विच बरोबर होता आणि त्यात ‘पोक्केन टूर्नामेंट’ हा खेळ. मी मचॅम्प घेतला, म्हणजे चार हातांचा पैलवान. त्यानं गेंगार घेतला, म्हणजे जांभळं, दात विचकणारं भूत. अर्ध्या मिनिटात माझ्या मचॅम्पनं गेंगारला धरलं, उचललं आणि जमिनीवर आपटलं. भाच्यानं कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि म्हणाला, ‘‘मामा, हे चीटिंग आहे. भुताला हात लागतच नाही.’’

तो बरोबर होता. मूळ पोकेमॉन खेळांमध्ये मचॅम्प ‘फायटिंग’ जातीचा आणि गेंगार ‘घोस्ट’ जातीचा. फायटिंग जातीचा डाव भुतावर टाकला तर नुकसान शून्य. कमी नव्हे, शून्य. हे त्याला पाढ्यांसारखं पाठ होतं. मी मोठ्या माणसाचं उत्तर दिलं, ‘‘अरे, हा खेळ वेगळा आहे.’’ त्याचं समाधान झालं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, की माझंही झालेलं नाही. आग, पाणी, गवत, वीज, भूत यांचं आपसातलं वैर हाच ज्या जगाचा कणा, त्या जगातले प्राणी मारामारीच्या खेळात आले की ते वैर जातं कुठं? आणि ते जायला हवं होतं का?

हे छोटं पुस्तक त्या प्रश्नातून निघालं आहे. माझं मत लपवून ठेवत नाही. एकास एक लढतीत, जिथं दोघांकडे एकेकच लढवय्या आहे आणि समोर पैज आहे, तिथं तत्त्वांच्या वैराचा गुणाकार नको. पण हे मत ठरवताना मला वाटेत इतके अपवाद भेटले, की शेवटी पुस्तकच लिहावं लागलं.

आधी हे वैर म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे पंचमहाभूतं म्हटली, की ती सगळी मिळून देह बनवतात आणि देह पडला की आपापल्या घरी परत जातात. त्यांची आपसात कुस्ती लागत नाही. चिनी परंपरेतली पाच तत्त्वं मात्र एकमेकांवर चढतात: पाणी आग विझवतं, आग धातू वितळवते, धातू लाकूड तोडतो, लाकूड माती फोडतं, माती पाणी अडवते. जपानमध्ये ‘मुशी-केन’ नावाचा हातानं खेळायचा जुना खेळ आहे. अंगठा म्हणजे बेडूक, तर्जनी म्हणजे साप, करंगळी म्हणजे गोगलगाय. साप बेडकाला खातो, बेडूक गोगलगाईला, आणि गोगलगाय सापाला भारी पडते. शेराला सव्वाशेर, पण सव्वाशेर पुन्हा पहिल्या शेरालाच भिणारा. तिघं तिघांना धरून अडकलेले. ज्या देशात मुलं हे खेळत वाढली, त्याच देशात व्हिडिओ गेमच्या कारखानदारांना हे चक्र सुचावं यात नवल नाही. कॅपकॉमच्या १९८७च्या ‘रॉकमॅन’मध्ये सहा यांत्रिक शत्रू होते. एकाला हरवलं की त्याचं हत्यार मिळायचं, आणि ते हत्यार दुसऱ्या कुणाचा तरी काळ ठरायचं. कुठलं कुणाचा, हे शोधण्यातच त्या खेळाची अर्धी गोडी होती.

शोधण्यात, हा शब्द मी मुद्दाम वापरला. यंत्राविरुद्ध खेळताना तत्त्वांचं वैर हे कोडं असतं. कोडं सुटलं की खेळाडू खूश. माणसाविरुद्ध खेळताना मात्र कोडं उरत नाही, कारण तक्ता दोघांनाही पाठ असतो. मग तो तक्ता नेमकं काय काम करतो?

पोकेमॉनमध्ये तो भरपूर काम करतो, आणि ते का, हे समजून घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. १९९६च्या फेब्रुवारीत जपानमध्ये ‘पोकेमॉन रेड’ आणि ‘ग्रीन’ आले तेव्हा पंधरा जाती होत्या. पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे दोनशे पंचवीस चौकटींचा तक्ता. आता अठरा जाती आहेत, म्हणजे तीनशे चोवीस चौकटी. प्रत्येक चौकटीत एक आकडा: दुप्पट, तेवढंच, निम्मं किंवा शून्य. दोन जाती अंगात असतील तर गुणाकार दोनदा. चारिझार्ड आगीचाही आणि उडणाराही, म्हणून दगडाचा मार त्याला चौपट लागतो. ऐकायला हे भयंकर अन्यायाचं वाटतं. पण पोकेमॉनच्या खेळाडूकडे एक प्राणी नसतो, सहा असतात, आणि अदलाबदल हा त्या खेळात एक डाव असतो. समोर दगडवाला आला तर मी चारिझार्ड मागं घेतो आणि पाण्याचा प्राणी पुढं पाठवतो. त्या बदल्यात माझी एक पाळी जाते. समोरच्याला हे ठाऊक असतं, म्हणून तो दगड न मारता विजेचा डाव टाकतो, येणाऱ्या पाण्याच्या प्राण्यावर. मलाही हे ठाऊक असतं, म्हणून मी चारिझार्ड हलवतच नाही. तक्ता स्थिर आहे, पण त्याच्यावरून माणसं सतत धावताहेत. वैर तिथं निकाल देत नाही, धमकी देतं.

तरीही त्या तक्त्यातली एक चौकट चुकली, तर काय होतं, याचा धडा पहिल्याच पिढीत मिळाला. भूत हे मनोबळाच्या, म्हणजे ‘सायकिक’ जातीवर भारी पडेल असं खेळातच सांगितलं जात होतं. प्रत्यक्षात त्या चौकटीत शून्य होतं. सायकिक प्राण्यांना रोखणारं मग जवळजवळ कुणी उरलंच नाही आणि पहिली काही वर्षं त्यांनी धुमाकूळ घातला. १९९९मध्ये पुढचे खेळ आले तेव्हा ती चौकट सुधारली गेली, शिवाय ‘डार्क’ आणि ‘स्टील’ अशा दोन नव्या जाती आणाव्या लागल्या. दोनशे पंचवीसमधली एक चौकट. तक्ता लिहिणाऱ्याच्या हातात किती सत्ता असते, ते यावरून कळावं.

आणि गंमत अशी, की तक्त्याचा जाच खुद्द पोकेमॉनच्या कथाकारांनाही झाला. कार्टून पाहिलेल्या वाचकांना आठवत असेल: पिकाचूची वीज दगडी ऑनिक्सवर चालत नव्हती, तर छतावरचे आगीचे फवारे सुरू झाले, ऑनिक्स भिजला आणि मग वीज लागली. गोष्टीला लढत हवी होती. तक्त्यानं ती दिली नसती, म्हणून वरून पाणी सोडलं.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ, जिथून मी आलो. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी आमच्या गावात एसटी स्टँडच्या मागं एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. रुपयाला एक टोकन. आत उदबत्तीचा आणि घामाचा मिसळलेला वास, आणि तीन मशिनींपैकी एकीवर कायम ‘किंग ऑफ फायटर्स ९७’. तीन-तीन गड्यांचा संघ निवडायचा, कोण आधी उतरणार ते ठरवायचं आणि लढायचं. क्योच्या हातातून लाल ज्वाळा, इओरीच्या हातातून जांभळ्या. कथेतले ओरोचीचे चार सेवक तर थेट तत्त्वांचेच होते: आदल्या वर्षीच्या खेळातला गोएनित्झ वाऱ्याचा, याशिरो मातीचा, शेर्मी विजेची, ख्रिस आगीचा. आम्हाला यातलं कथानक काडीचंही कळत नव्हतं, सगळं जपानीत होतं. पण एक गोष्ट कुणी न शिकवता कळली होती. आग वाऱ्याला जास्त लागते का, मातीवर वीज चालते का, असला प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही. ख्रिसची आग ज्याला लागायची त्याला सारखीच लागायची. आग म्हणजे त्याच्या डावाचा रंग, पल्ला आणि वेळ. ती वाऱ्याची वैरीण नव्हती, समोर उभ्या असलेल्या मुलाची होती.

त्या पार्लरमधल्या नियमांपैकी एक फार महत्त्वाचा होता: जिंकणारा मशिनीवर राहणार, हरणाऱ्यानं टोकन टाकायचं. म्हणजे हरलेल्याला आपला गडी बदलायची मुभा होती. जगभरच्या स्पर्धांतही साधारण हाच नियम आहे. जिंकलेल्यानं गडी बदलायचा नाही, हरलेल्यानं हवं तर बदलावा. याला ‘काउंटरपिक’ म्हणतात. पहिल्या निवडीच्या वेळी कुणी मागितलं तर दोघांनी आपापली निवड पंचाच्या कानात सांगायची, म्हणजे आधी बोलणाऱ्याचं नुकसान नको. हा नियम आहे याचाच अर्थ असा, की मारामारीच्या खेळांतही काही जोड्या समसमान नसतात. माझ्या विरोधकांचा सगळ्यात बळकट मुद्दा इथूनच सुरू होतो, म्हणून त्याला मी पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण दिलं आहे.

तो मुद्दा असा. १९९१च्या ‘स्ट्रीट फायटर टू’मध्ये गायल आणि झांगीफ समोरासमोर आले तर काय होतं? गायल कोपऱ्यात बसून सोनिक बूम सोडत राहतो. झांगीफ अवाढव्य, संथ. त्याचं सगळं सामर्थ्य पकडीत, आणि पकड जवळ गेल्याशिवाय बसत नाही. उडी मारून आला तर गायलची उलटी लाथ वर तयार. खेळाडू अशा जोडीला ‘सात-तीन’ म्हणतात, म्हणजे दोघं सारख्या तयारीचे असतील तर दहांत सात वेळा गायल. मग आग-पाण्यानं वेगळं काय बिघडणार आहे? नाव वेगळं, अन्याय तोच. उलट तत्त्वांचं वैर निदान उघड असतं. नव्या मुलाला पाणी आगीवर भारी हे सांगावं लागत नाही, गायल झांगीफवर का भारी हे कळायला मात्र त्याचे शंभर रुपये जातात.

या मुद्द्यातलं अर्धं मी मान्य करतो. ‘सात-तीन’ हा अन्यायच असतो, आणि तो कमी करण्यासाठी निर्माते वर्षानुवर्षं दुरुस्त्या करत असतात. पण त्या सातांपैकी प्रत्येक गुण कुठून आला हे पडद्यावर दाखवता येतं. सोनिक बूम सोडल्यावर गायलचे हात किती वेळ अडकलेले असतात, तेवढ्यात झांगीफ किती पावलं पुढं सरकतो, कुठल्या अंतरावरून उडी मारली तर लाथ चुकते, हात पसरून घेतलेली गिरकी बूममधून आरपार नेता येते की नाही. झांगीफ खेळणारी माणसं या एकेका बारकाव्यावर वर्षं घालवतात आणि ‘सात-तीन’चं ‘सहा-चार’ करून दाखवतात. तिथं तोटा म्हणजे चढण आहे. चढण चढता येते. गुणाकाराला पायरी नसते. माझी आग तुझ्या पाण्याला निम्मी लागते, यात मी कितीही सराव केला तरी शिकण्यासारखं काही नाही.

हा फरक केवळ भावनेचा नाही, म्हणून थोडा हिशेब मांडतो. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा. ‘स्ट्रीट फायटर सिक्स’मध्ये बहुतेक गड्यांची जान दहा हजार आहे. समजा प्रत्येक यशस्वी फटका हजाराचा, आणि दोघं खेळाडू इतके तुल्यबळ, की पुढचा फटका कुणाचा हे नाणेफेकीसारखं. मग जो आधी दहा फटके मारेल तो जिंकला, शक्यता निम्मी-निम्मी. आता एकाला फक्त दीडपट मार द्या. त्याला सात फटके पुरतात, दुसऱ्याला दहाच लागतात. दुसऱ्याची फेरी जिंकण्याची शक्यता शंभरात तेवीस उरते. तीनपैकी दोन फेऱ्यांचा सामना असेल तर शंभरात तेरा. पोकेमॉनसारखा दुपटीचा गुणाकार घेतला, म्हणजे पाच विरुद्ध दहा, तर एका फेरीतच शंभरात नऊ. बदनाम झालेलं ‘सात-तीन’ यापुढं सज्जन वाटू लागतं. उलट बाजू पाहा. याच खेळात झांगीफची जान अकरा हजार आहे. वरच्याच हिशेबानं त्या जादा हजारानं पारडं सुमारे एकोणसाठ-एक्केचाळीस एवढंच कलतं, आणि तेवढ्यात त्याच्या संथपणाची भरपाई करायची असते. मारामारीच्या खेळात दहा टक्के हे औषधाचं प्रमाण आहे. पन्नास टक्के म्हणजे विष.

खरा खेळ सरळ नाणेफेक नसतो हे मला मान्य आहे. एका फटक्यातून पुढचे चार निघतात, मागं पडलेल्याला कधी वाढीव बळ मिळतं. पण तपशील बदलला म्हणून दिशा बदलत नाही. छोटा गुणाकार शंभर देवाणघेवाणींतून गेला की मोठा होऊन बाहेर पडतो.

मग मारामारीच्या खेळात चक्र नसतंच का? असतं. किंबहुना चक्राशिवाय हा प्रकारच उभा राहत नाही. फक्त ते गड्यांच्या नावात नसतं, हातांच्या हालचालीत असतं. मारणाऱ्याला अडवता येतं, अडवून बसलेल्याला पकडून आपटता येतं, आणि पकडायला हात पुढं करणाऱ्याला मारता येतं. टेक्मोच्या १९९६च्या ‘डेड ऑर अलाइव्ह’नं हे तिहेरी वैर उघडपणे खेळाच्या पायात घातलं: फटका पकडीला मारतो, पकड प्रतिडावाला, प्रतिडाव फटक्याला. प्रतिडाव हा शब्द मला तालमीतून घ्यावा लागला, आणि तो चपखल बसतो. डावाला प्रतिडाव असतो. पैलवानाला प्रतिपैलवान नसतो.

आणि आता भाच्याच्या गेंगारकडे परत येऊ. पोक्केन बनवला बंदाई नामकोनं, ‘टेकन’वाल्या घरानं. नावच पोकेमॉन आणि टेकन यांच्या जोडाचं आहे. २०१५मध्ये तो जपानच्या पार्लरमध्ये आला, पुढच्या वर्षी घरातल्या वी यू कन्सोलवर, आणि पोकेमॉनच्या जागतिक स्पर्धेत २०२२पर्यंत स्थान मिळवून होता. त्या लोकांनी अठरा जातींचा तक्ता उचलून बाजूला ठेवला आणि त्याजागी एक त्रिकोण आणला: साधा फटका पकडीला हरवतो, पकड प्रतिहल्ल्याला, प्रतिहल्ला साध्या फटक्याला. म्हणजे त्यांनी वैर काढून टाकलं नाही. प्राण्यांच्या जन्मातून काढून ते त्यांच्या करणीत घातलं. मचॅम्पनं भुताला पकडलं, कारण त्या क्षणी भूत प्रतिहल्ल्याच्या पवित्र्यात उभं होतं. त्या क्षणाचं कारण भाच्याच्या अंगठ्यात होतं, गेंगारच्या जातीत नव्हतं. हे उत्तर मला त्या दुपारी सुचायला हवं होतं.

उलट प्रयोग झालाच नाही असं मात्र नाही. निन्टेन्डोच्या २००८च्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल’मध्ये पोकेमॉन ट्रेनर हा गडी होता आणि त्याचे तीन प्राणी: पाण्याचा स्क्वर्टल, गवताचा आयव्हीसॉर, आगीचा चारिझार्ड. निर्मात्यांनी या तिघांपुरता मूळ तक्त्याचा एक तुकडा आणला. आयव्हीसॉरला आगीचा फटका बसला की तो नेहमीपेक्षा जास्त लांब फेकला जायचा. कागदावर ही पोकेमॉनच्या चाहत्यांना दिलेली प्रेमळ भेट होती. प्रत्यक्षात आगीचे डाव त्या खेळात मुबलक होते, खुद्द मारिओच आगीचे गोळे फेकतो, पण ज्यांनी आयव्हीसॉरला फायदा व्हावा असे पाण्याचे डाव क्वचित. चक्राचं एकच आरं बसवलं आणि चाक फिरलंच नाही, बिचारा आयव्हीसॉर तेवढा त्याच्याखाली आला. दहा वर्षांनी ‘अल्टिमेट’मध्ये हे तिघं परत आले तेव्हा तो नियम बरोबर आला नाही. चाहत्यांकडून त्याच्या नावानं रडणं माझ्या तरी कानावर आलेलं नाही.

याहून बोलका पुरावा ‘ग्रॅनब्लू फँटसी व्हर्सस’चा. मूळ ‘ग्रॅनब्लू’ हा २०१४चा मोबाइलवरचा खेळ. त्यात आग वाऱ्याला, वारा मातीला, माती पाण्याला, पाणी आगीला भारी, आणि प्रकाश-अंधार एकमेकांना. २०२०मध्ये आर्क सिस्टम वर्क्सनं त्यावर मारामारीचा खेळ केला, आणि एकाच डबीत दोन्ही प्रकार ठेवले. एकट्यानं खेळायच्या कथाभागात हत्यारांना तत्त्वं आहेत, समोरच्या राक्षसाचं तत्त्व पाहून हत्यार बदलायचं. दोघांच्या लढतीत तत्त्वं नाहीत. आगीचा पर्सिव्हल आणि पाण्याचा लान्सलॉट तिथं एकमेकांना सारखेच लागतात. तीच माणसं, तेच डाव, तेच निर्माते. समोर यंत्र आहे तोवर कोडं, समोर माणूस आला की कोडं मिटवून टाकलं. सिद्धांत मांडायला आणखी काय हवं?

‘पर्सोना फोर अरेना’ची गोष्ट मला सगळ्यांत आवडते, कारण तिच्यात थोडी खोडी आहे. मूळ ‘पर्सोना फोर’मध्ये शत्रू ज्या तत्त्वापुढं उणा आहे नेमका त्याच तत्त्वाचा घाव घातला, की तो खाली पडतो आणि तुम्हाला आणखी एक पाळी मिळते. तिचं नाव ‘वन मोअर’. २०१२च्या मारामारीच्या खेळात तत्त्वांच्या या उणिवा गेल्या, पण नाव राहिलं. ‘वन मोअर कॅन्सल’ म्हणजे आपला डाव मध्येच तोडून लगेच दुसरा सुरू करायचा, आणि त्यासाठी साठवलेल्या शक्तीतले पन्नास मोजायचे. आधी जे बक्षीस जन्मजात वैरातून फुकट पडायचं, ते आता खेळाडूनं लढत-लढत कमवायचं आणि कधी खर्चायचं ते स्वतः ठरवायचं. जुन्या वाड्याची चौकट नव्या घराला बसवावी, तसं ते नाव बसलं आहे.

प्रेक्षकांच्या बाजूनंही एक बोलायला हवं. २००४च्या ‘इव्हो’ स्पर्धेतला दाइगो उमेहाराचा तो क्षण ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी हे पुस्तक खाली ठेवून आधी तो पाहावा. ‘स्ट्रीट फायटर थ्री: थर्ड स्ट्राइक’, दाइगोचा केन, समोर जस्टिन वाँगची चुन-ली. केनची जान इतकी उरलेली, की महाडाव नुसता अडवला तरी तो मेला असता. चुन-लीनं महाडाव सोडला, पंधरा लाथांचा. दाइगोनं प्रत्येक लाथेच्या नेमक्या क्षणी काठी पुढं ढकलून पंधराही परतवल्या, शेवटची हवेत, आणि उलट वार करून फेरी जिंकली. सभागृह उसळलं, कारण केनवर आलेली ती वेळ सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आली होती. प्रत्येक गमावलेला थेंब त्यांनी गळताना पाहिला होता. तोच केन ‘आगीचा म्हणून पाण्याच्या चुन-लीपुढं आधीच निम्मा’ असता, तर आरोळी उठली असती, पण तिच्यात दयेचा सूर मिसळला असता. शौर्याला दया मानवत नाही.

एवढं सगळं म्हटल्यावर अपवाद. मला तीन जागा दिसतात, जिथं तत्त्वांचं वैर मारामारीच्या खेळात मानानं राहू शकेल.

पहिली, जोडीनं किंवा संघानं खेळायचे खेळ. ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम टू’मध्ये तीन गडी असतात आणि लढत चालू असताना बदलता येतात. ‘टेकन टॅग’मध्ये दोन असतात, आणि दोघांपैकी एक पडला तरी फेरी गेली. तिथं बदलणं हा डाव आहे, तो चुकला तर मार बसतो. म्हणजे पोकेमॉनच्या तक्त्याला ज्यानं जिवंत ठेवलं, तीच गोष्ट तिथं आहे. अशा खेळात लहान गुणाकार, दहा-पंधरा टक्क्यांचा, मला चालेल. ‘किंग ऑफ फायटर्स ९७’मध्ये मात्र नाही. तीन गडी असले तरी एकदा उतरलेला पडेपर्यंत मागं जात नाही, म्हणून तो संघ म्हणजे एकामागून एक तीन कैदी.

दुसरी जागा, तत्त्व आकड्यात न ठेवता वागण्यात ठेवलं तर. जुन्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’मध्ये सब-झीरोचा बर्फ ज्याला लागेल तो गोठतो, मग तो आगवाला स्कॉर्पिअन असो की कुणी. पण आधीच गोठलेल्यावर पुन्हा बर्फ टाकायला गेलात, तर तुम्हीच गोठता. हा बर्फाचा स्वभाव झाला, आणि स्वभावाशी खेळता येतं. पाण्यानं जमीन निसरडी व्हावी, आगीनं ती वाळावी, असला खेळ कुणी केला तर मी पहिल्या दिवशी विकत घेईन.

तिसरी जागा घरची. स्पर्धा नाही, पैज नाही, भावंडं गादीवर लोळत खेळताहेत, तिथं भुताला हात लागू नये असं वाटणं हा त्या जगावरच्या प्रेमाचा भाग आहे. घरच्या खेळात तेवढी एक कळ ठेवायला काय हरकत आहे? हवी त्यानं चालू करावी. या मुद्द्यावर पुस्तकाच्या पहिल्या मसुद्यात मी फार कडक होतो. ते प्रकरण मला पुन्हा लिहावं लागलं.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडं. पहिली दोन प्रकरणं चक्रांच्या इतिहासाची आहेत, घाई असेल तर ओलांडावीत. तिसरं गायल आणि झांगीफचं. ते मात्र ओलांडू नये, कारण माझ्याविरुद्धचं सगळं तिथं आहे. चौथ्यात वरचा हिशेब सविस्तर आहे आणि रिकाम्या चौकटीही दिल्या आहेत, वाचकानं आपले आकडे घालून पाहावेत. खेळांतले शब्द मी शक्यतो खेळणारे वापरतात तसेच ठेवले आहेत. ‘थ्रो’ला पकड म्हटलं, पण ‘कॉम्बो’ला मराठी शब्द घडवायचा हट्ट केला नाही. पार्लरमध्ये आम्ही कधी केला नव्हता.

भाचा आता कॉलेजात आहे. त्यानं हस्तलिखित वाचलं आणि मत बदललं नाही. भुताला पकडता येत असेल तर त्याला भूत कशाला म्हणायचं, हा त्याचा आक्षेप अजून जागच्या जागी आहे, आणि माझ्याकडे त्याचं पुरतं उत्तर नाही. तो आक्षेप शेवटच्या प्रकरणात त्याच्याच शब्दांत छापला आहे. वाचकांना हवं तर सुरुवात तिथूनच करावी.